सिंदखेडराजा : जाधवांचा वाडा, हबशांचा शेजार

१२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवरावांचा वाडा पाहायचा आणि परतीची गाडी धरायची, असाच बहुतेकांचा बेत. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव एवढ्या घाईत कळत नाही. जाधवराव ज्या निजामशाहीत मोठे झाले, तिची सूत्रं पुढे आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांकडे गेली होती.

त्यांतला सर्वांत थोर मलिक अंबर. मूळ नाव चापू. जन्मगाव कुणी खंबाटा सांगतात, कुणी हरार. हरार हे पूर्व इथिओपियातलं तटबंदीचं व्यापारी शहर. अंबरच्या नशिबी मात्र गुलामांचा बाजार आला. मोखा, बगदाद असं विकलं जात तो दख्खनेत पोहोचला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला.

जाधवरावांचं त्याच्याशी फार काळ पटलं नाही. ते मोगलांना मिळाले, पण बाळापूरला मोगल सरदार शाहनवाजखानाच्या छावणीत गेलेल्यांत याकूतखान हबशीही होता. तेव्हा ‘मराठे विरुद्ध हबशी’ ही सोपी मांडणी इथे चालत नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं उट्टं काढलं. त्या लढाईत सासरे लखुजी मोगलांकडून, तर जावई शहाजीराजे अंबरकडून! पुढे लखुजी निजामशाहीत परतले खरे, पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात मुला-नातवासह त्यांचा खून झाला. त्या वेळी निजामशहाच्या कानाशी हमीदखान हबशी होता.

लखुजींची समाधी गावातच आहे. माझ्या मते वाड्याहूनही ती आधी पाहावी. चौरस बांधणी, कमानी आणि वर मोठा घुमट. नाव ठाऊक नसेल तर एखादा मकबराच वाटेल. हिंदू सरदाराच्या समाधीला दख्खनी सुलतानांची धाटणी, यात त्या काळी कुणाला वावगं वाटलं नसावं. पुतळा बारवेतली शिल्पं, काळा कोट आणि मोती तलावाचा बांध यांसाठी निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

शाळेच्या सहली आणणाऱ्या गुरुजींनी समाधीपाशी मुलांना अंबरचीही गोष्ट सांगावी. त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळच्या सहलीत तीही सहज पाहून होते.