जुन्या ट्रकची पारख

बेंगळुरूतील एखाद्या वर्कशॉपच्या मागील शेडमध्ये अर्धवट सजवलेला जुना फार्गो ट्रक उभा असतो. त्याच्या तोंडाकडील भागावर नवा रंग चकाकत असतो. मागे हौद्याच्या जागी उघडी चासी असते आणि तिच्यावर गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. शेजारी पोत्यांत व पत्र्याच्या डब्यांत सुटे भाग भरून ठेवलेले असतात. ‘इंजिनाचे काम झाले आहे, रंगही निम्मा झाला आहे, आता फक्त जुळणी राहिली आहे,’ असे विक्रेता सांगतो. या ‘फक्त’ शब्दामागे किती रुपये व किती महिने दडलेले आहेत, हे ओळखता आले नाही, तर वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी त्या शेडमध्येच अडकून पडते.

फार्गो या नावाला बेंगळुरूच्या व महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात स्थान आहे. भारतात मोटारींचा कारखाना असावा, ही योजना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. हा कारखाना म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बेंगळुरूत काढण्याचा विचार होता. परंतु तत्कालीन ब्रिटिश सरकारने त्याला अनुकूलता दाखवली नाही. पुढे वालचंदांनी १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला. मोटारींसाठी मात्र १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईजवळ कुर्ल्याला निघाला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथे डॉज, डिसोटो व फार्गो या नावांचे ट्रक तयार होऊ लागले. नावे तीन असली तरी आतील यंत्ररचना बहुतांशी एकच होती. आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार उपयोगाची आहे. कारण फार्गोसाठी लागणारा गिअरबॉक्सचा एखादा भाग डॉजच्या मोडीतही सापडू शकतो. समोरची जाळी व नावाची पट्टी यांच्या बाबतीत मात्र ही सोय नाही.

असा ट्रक पाहण्यास गेलेला मनुष्य सहसा प्रथम इंजिन सुरू करावयास सांगतो. इंजिनाचा आवाज ऐकला की मन विरघळते आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. म्हणून जाणकार खरेदीदार आधी कागदपत्रे मागतो. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. चासीवरील क्रमांकावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली की कोरलेले आकडे कागदावर उमटतात. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या, जोड दिल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. इंजिनाचा घोटाळा अधिक आढळतो. पूर्वी पेट्रोल महाग पडू लागल्यावर अनेक मालकांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेतले. असा बदल नोंदणी पुस्तकात चढवलेला नसेल, तर कागदावर पेट्रोलचा ट्रक आणि जमिनीवर डिझेलचा ट्रक अशी दोन वाहने एकाच नावाने नांदत असतात.

कागद दुसऱ्या राज्यातील असतील, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला खरेदी कळवावी लागते. जुन्या वाहनांच्या नोंदी हस्तलिखित वह्यांमध्ये होत्या. त्या संगणकीय नोंदींत आल्या आहेत की नाहीत, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली व फारसे फेरबदल न झालेली वाहने त्यांत येतात. त्यांच्या नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. ‘ट्रक पन्नास वर्षांचा आहे, व्हिंटेज नंबर सहज मिळेल,’ असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. परंतु हे नियम खासगी, बिगरव्यापारी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेला आणि मागे जोडचाके असलेला ट्रक या व्याख्येत बसत नाही. शिवाय व्हिंटेज क्रमांक मिळालेले वाहनही रस्त्यावर नित्य वापरता येत नाही व त्यातून व्यवसायही करता येत नाही. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र संपलेले असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार त्याची नोंदणी वैध मानली जात नाही. ट्रक नक्की कशासाठी हवा आहे – प्रदर्शनासाठी, चित्रीकरणाला भाड्याने देण्यासाठी की केवळ हौसेखातर – हे खरेदीदाराने स्वतःशी ठरवावे आणि त्या वापरासाठी कोणती नोंदणी लागेल हे परिवहन कार्यालयातून जाणून घ्यावे.

कागद समाधानकारक असतील तर गाडीखाली शिरावे. ट्रकचे आयुष्य त्याच्या चासीत असते. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मिळून हा सांगाडा बनतो. जुन्या ट्रकांत हे जोड रिव्हेटने ठोकलेले असतात. मूळ रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट किंवा वेल्डिंग दिसले, तर तेथे पूर्वी काहीतरी तुटले होते हे निश्चित. आपल्याकडे ट्रकांवर क्षमतेपेक्षा अधिक माल लादण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे मागील कमानपाट्यांच्या आधारांजवळ चासीला तडे जात आणि त्यांवर लोखंडी पट्टी वेल्ड करून ट्रक पुन्हा धंद्याला लागे. पट्टी असणे हा गुन्हा नव्हे. परंतु पट्टीच्या कडेला नवा तडा गेला आहे का, हे विजेरीच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. सांगाडा तिरका झाला आहे का, हे कळण्यास सुतळी पुरते. दोन्ही तुळयांवर समोरासमोरच्या सारख्या जागा निवडून कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत, तर चासी वाकलेली आहे. लहान हातोडीने ठोकून पाहिल्यास निरोगी पोलाद खणखणीत वाजते. गंजाने पोखरलेल्या जागी आवाज बद्द येतो. नव्या रंगाच्या भागावर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे.

रंगाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. दुरुस्तीच्या क्रमात रंग हे जवळजवळ शेवटचे काम आहे. चासी, ब्रेक, वायरिंग व केबिनची जोडणी बाकी असताना ज्याने आधी रंग दिला, त्याला ट्रक पूर्ण करण्यापेक्षा विकण्याची घाई झाली असावी, अशी शंका घेणे अनुचित ठरणार नाही. पुढची जोडणी करताना त्या रंगावर ओरखडे पडणार आणि तो खर्च पुन्हा करावा लागणार, हे उघड आहे.

आता ‘इंजिनाचे काम झाले आहे’ या वाक्याकडे वळू. या वाक्यावर खरेदीदाराने दोन प्रश्न विचारावेत: काय केले, आणि केव्हा केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेथवाल्याच्या चिठ्ठीत असते. सिलिंडर किती मोठे केले, क्रँकशाफ्ट किती घासला, हे आकडे तिच्यावर लिहिलेले असतात. प्रत्येक वेळी सिलिंडर मोठा करताना त्याची भिंत पातळ होत जाते. म्हणून पुढे आणखी एका कामाला वाव उरला आहे की नाही, हे त्या आकड्यांवरून कळते. चिठ्ठी नसेल तर काम झाले असे मानू नये.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. केलेले काम बँकेतील ठेवीसारखे जसेच्या तसे राहत नाही. सहा वर्षांपूर्वी बांधून ठेवलेले व नंतर कधीच न फिरवलेले इंजिन नवे नसते. त्याच्या रिंगा चिकटतात, गॅस्केट सुकतात, पाण्याच्या वाटा आतून गंजतात. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे नवे बसवलेले ब्रेक सिलिंडरही आतून गंजून अडकतात. टायर न वापरताही कडक होऊन तडकतात. २००० सालानंतरच्या टायरवर निर्मितीचा आठवडा व वर्ष चार आकड्यांत लिहिलेले असते, ते वाचावे. अर्ध्यावर थांबलेल्या कामाचे मूल्य दर पावसाळ्यागणिक उतरत जाते. विक्रेत्याच्या वहीतील खर्च मात्र तितकाच राहतो. किंबहुना सांगताना तो थोडा वाढतोच.

इंजिन सुरू करून पाहावयाचे तर ते थंड असताना पाहावे. खरेदीदार येण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल, तर सुरू होण्यातील अडचण लपवली जात असण्याचा संभव आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर इंधन अधिक जात असल्याचे, आणि सतत निघणारा दाट पांढरा धूर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असल्याचे. ऑइल मोजण्याची पट्टी बाहेर काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर तेही पाण्याचेच लक्षण होय. सर्व सिलिंडरांचा दाब मापकाने मोजून घ्यावा. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवल्यास किंगपिन व बेअरिंग यांची झीज हाताला जाणवते.

यंत्रातील बहुतेक दोष पैसे खर्चून दूर होतात आणि या बाबतीत बेंगळुरूसारखे शहर सोयीचे आहे. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या बेअरिंगवरील क्रमांक दाखवला की त्या मापाचे नवे मिळण्याची शक्यता असते. शिवाजीनगरच्या गुजरीत मोडीतील भाग धुंडाळता येतात. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत बुश, पिन किंवा शाफ्ट नमुन्यावरून कातून देणारे कारागीर आहेत. सपाट काच कोणीही कापून देतो. गॅस्केट तर हातानेही कापता येते. खरी अडचण वेगळीच असते. समोरची जाळी, नावाची पट्टी, दिव्यांच्या कडा, वेगमापक, दरवाजांच्या मुठी या वस्तू ट्रक चालण्यासाठी अत्यावश्यक नाहीत, म्हणून त्या प्रथम हरवतात; आणि ट्रकची ओळख त्यांच्यातच असल्यामुळे शेवटी त्यांच्यासाठीच सर्वाधिक पायपीट करावी लागते. मूळ वेगमापक शाबूत असलेला पण इंजिन बंद पडलेला ट्रक कित्येकदा याउलट स्थितीतील ट्रकपेक्षा चांगला सौदा ठरतो.

केबिनविषयी भारतात एक विशेष गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या काळी अनेक ट्रक कारखान्यातून केवळ चासी, इंजिन व पुढचे तोंड एवढेच घेऊन बाहेर पडत. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार व पत्राकाम करणारे कारागीर सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून बांधत. त्यामुळे ‘मूळ केबिन’ म्हणजे अमेरिकेतील छायाचित्रात दिसते ती केबिन नव्हे. तशी केबिन नव्याने घडवून बसवण्यात काही मालक मोठा खर्च करतात. वस्तुतः ती लाकडी चौकट हाच त्या ट्रकचा खरा इतिहास असतो. लाकूड वाळवीने खाल्ले असेल तर ते बदलावे, परंतु जुन्या चौकटीची मापे घेतल्याशिवाय ती मोडू नये.

शेवटी किंमत. समजा, विक्रेता चार लाख रुपये मागतो आणि आजवर तीन लाख खर्च झाल्याचे सांगतो. त्याचा खर्च हा त्याचा इतिहास आहे. तो खरेदीदाराचा हिशेब नव्हे. खरेदीदाराने उलट बाजूने मोजावे. तसाच ट्रक पूर्ण स्थितीत सहा लाखांना मिळत असेल आणि उरलेल्या कामाला अडीच लाख लागतील असा अंदाज असेल, तर साडेतीन लाखांपलीकडे जाण्यात अर्थ नाही. त्यातही अडीच लाखांचा अंदाज क्वचितच खरा ठरतो, म्हणून प्रत्यक्ष बोली त्याहून खालीच असावी. ‘इतके झाले आहे तर पूर्ण होईलच,’ हा युक्तिवाद पहिल्या मालकानेही स्वतःशी केला होता आणि तरीही ट्रक शेडमध्येच राहिला, हे विसरू नये.

सौदा ठरला, तर पोत्यांतील भाग शेडमध्येच जमिनीवर मांडून त्यांची यादी करावी, प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘डब्यात सगळे आहे’ असे तोंडी आश्वासन आणि प्रत्यक्ष डबा यांत अनेकदा एखादा कार्बोरेटर कमी भरतो. ब्रेकची खात्री नसलेला ट्रक स्वतःच्या चाकांवर घरी नेऊ नये. तो दुसऱ्या ट्रकवर चढवून न्यावा आणि चढवण्यापूर्वी त्याच्या चाकांखाली लाकडी उटी लावण्यास विसरू नये.