नेब्रास्का : गवताळ मुलखातील जमीन, माणूस आणि कायदा

अमेरिकेच्या मध्यभागी, मिझुरी नदीपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत हळूहळू चढत जाणाऱ्या विस्तीर्ण गवताळ मैदानात नेब्रास्का हे राज्य वसले आहे. या राज्याचा इतिहास युद्धांपेक्षा किंवा राजकीय पुढाऱ्यांपेक्षा जमिनीविषयीच्या कायद्यांतून अधिक स्पष्ट उलगडतो. कारण येथे कोण राहणार, कोणाला जावे लागणार आणि कोणाला माणूस म्हणून दाद मागता येणार, हे प्रश्न वारंवार कागदावर आणि न्यायालयातच ठरत गेले. १८५४ साली हा मुलूख संघराज्याच्या अखत्यारीतील स्वतंत्र प्रदेश म्हणून आखला गेला आणि १ मार्च १८६७ रोजी त्याला सदतिसावे राज्य म्हणून मान्यता मिळाली. तोपर्यंत प्लॅट नदीच्या काठाने ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या तांड्यांना हा केवळ ओलांडून जायचा प्रदेश वाटत होता.

हे चित्र होमस्टेड कायद्याने पालटले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या या कायद्यानुसार २१ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत असे. तेथे घर बांधून, सलग पाच वर्षे राहून आणि जमीन कसून दाखवल्यास किरकोळ शुल्काच्या मोबदल्यात ती तिच्या मालकीची होई. अविवाहित स्त्रिया आणि नागरिकत्व घेण्याचा मनोदय जाहीर केलेले परदेशी स्थलांतरितही यास पात्र होते, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठीच उदारता होती. चेक, स्वीडिश, डॅनिश आणि जर्मन शेतकरी कुटुंबे त्यामुळेच येथे आली. राज्याच्या एकूण भूमीपैकी सुमारे ४५ टक्के जमीन या मार्गाने खासगी मालकीची झाली.

या वसाहतकारांपुढची पहिली अडचण लाकडाची होती, कारण नदीकाठ सोडला तर झाड क्वचितच दिसे. म्हणून त्यांनी गवताच्या दाट मुळांनी घट्ट बांधलेली जमीन खास नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उलटवली, त्या पट्ट्यांचे सुमारे तीन फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडे केले आणि ते विटांसारखे रचून घरे उभारली. दोन-तीन फूट जाडीच्या या भिंती उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देत. पण पाऊस लागला की आपल्याकडच्या जुन्या माळवदासारखे छत गळू लागे आणि पाऊस थांबल्यावरही चिखलाचे थेंब घरात टपकत राहत. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून कस्टर परगण्यात फिरून अशा घरांची आणि माणसांची हजारो छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एका प्रसिद्ध छायाचित्रात एक कुटुंब गुरांच्या आवारात पायपेटीशेजारी उभे आहे. घरच्या बाईला आपली पायपेटी दूरच्या नातलगांना दाखवायची होती, पण मातीचे घर दाखवायचे नव्हते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. वसाहतीच्या अभिमानाची आणि हालअपेष्टांची इतकी बोलकी नोंद क्वचितच सापडेल.

जमीन मिळाली तरी पाऊस मिळाला नाही. ओहायोसारख्या ओलसर राज्यात १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगे, मात्र नेब्रास्काच्या पश्चिम भागात तेवढ्यावर जनावरांचा एक लहान कळपही पोसत नसे. तरीही नांगर पडला की पाऊस वाढतो, हा सिद्धांत नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक सॅम्युएल ऑगी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडला आणि रेल्वे कंपन्यांच्या जमीनविक्रीला तो सोयीचा ठरला. १८९०च्या दशकातील अवर्षणाने तो खोटा पाडला, पण तोवर असंख्य कुटुंबांनी आपली सारी पुंजी त्या भरवशावर लावली होती. त्याआधी १८७४ची टोळधाड आणि १२ जानेवारी १८८८ रोजी शाळेतून परतणाऱ्या मुलांना गाठणारे भीषण हिमवादळ यांनीही या लोकांची कसोटी पाहिली होती. विला कॅथर या लेखिकेचे कुटुंब १८८३ साली येथे आले. तिच्या 'माय अँटोनिया' (१९१८) या कादंबरीतील चेक मुलगी याच पिढीची प्रतिनिधी आहे.

मात्र ज्या जमिनीला सरकारी जमीन म्हटले गेले ती ओसाड नव्हती. पॉनी, ओमाहा, ओटो आणि पोंका या जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवत आणि गव्यांची शिकार करत आल्या होत्या. त्यांपैकी नायोब्रारा नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या पोंकांची कहाणी विशेष अन्यायाची आहे. सरकारशी त्यांचे वैर नव्हते; तरीही १८६८च्या फोर्ट लॅरमी तहात सरकारने चुकून त्यांचीच भूमी लकोटा जमातीला देऊन टाकली आणि चूक सुधारण्याऐवजी १८७७ साली पोंकांना दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवले. तेथे रोगराईने अनेकांचा बळी घेतला. प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला, आणि आपल्याला पूर्वजांच्या भूमीत पुरावे ही त्याची अंतिम इच्छा होती. ती पुरी करण्यासाठी जानेवारी १८७९ मध्ये सुमारे तीस माणसांसह मुलाचे अवशेष घेऊन हा पिता ऐन हिवाळ्यात उत्तरेकडे निघाला, आणि ओमाहांच्या वस्तीत पोहोचल्यावर लष्कराने या सर्वांना परवानगीविना प्रदेश सोडल्याबद्दल अटक केली.

अटक करणाऱ्या जनरल जॉर्ज क्रुक यांना स्वतःलाच हा हुकूम पटला नव्हता. ओमाहातील पत्रकार थॉमस टिबल्स यांनी ही बातमी देशभर पोहोचवली आणि जॉन वेब्स्टर व अँड्र्यू पॉपलटन या वकिलांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतील व्यक्तीला न्यायालयापुढे आणून अटकेचे कारण सिद्ध करण्यास भाग पाडणारा, अर्ज दाखल केला. मूलनिवासी हा कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच नसल्याने त्याला असा अर्ज करता येत नाही, असा सरकारी वकिलांचा युक्तिवाद होता. स्टँडिंग बेअर यांनी न्यायालयात हात पुढे करून सांगितले की, या हाताचा रंग वेगळा असला तरी त्याला टोचले तर वेदना होते आणि वाहणारे रक्त इतरांच्याच रंगाचे असते. १२ मे १८७९ रोजी न्यायाधीश एल्मर डंडी यांनी मूलनिवासी ही कायद्याच्या अर्थाने व्यक्तीच आहे, असा निर्णय देऊन या मंडळींची सुटका केली. अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या इतिहासात या निकालाला मिळावे तेवढे स्थान फार उशिरा मिळाले. नागरिकत्वाचा सरसकट हक्क तर मूलनिवासींना १९२४ पर्यंत मिळाला नाही.

स्थलांतरितांच्या वाट्यालाही कायद्याचा कठोरपणा आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनविरोधी वातावरणात १९१९ साली राज्याने आठवी उत्तीर्ण न झालेल्या मुलांना परकी भाषा शिकवण्यास बंदी घातली, आणि जर्मनमधून बायबलच्या कथा शिकवल्याबद्दल रॉबर्ट मेयर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला.

पाण्याच्या बाबतीत मात्र नेब्रास्काने शहाणपण दाखवले. आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगलाला भूजलसाठ्याचा सर्वांत मोठा भाग याच राज्याखाली आहे. मध्यावरील खांबाभोवती शेतभर फिरणाऱ्या तुषार सिंचनयंत्राच्या प्रसारामुळे त्याचा उपसा झपाट्याने वाढला, तेव्हा १९६९च्या कायद्याने नैसर्गिक संसाधन जिल्हे निर्माण केले. आज असे २३ जिल्हे आहेत. त्यांच्या सीमा प्रामुख्याने नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेल्या असून उपशावर मर्यादा घालणारी त्यांची मंडळे स्थानिक मतदारच निवडतात. शेजारच्या कॅन्ससमध्ये आणि दक्षिणेकडील टेक्सासमध्ये भूजलपातळी फार खालावली असताना नेब्रास्कातील साठा तुलनेने टिकून आहे. त्याचे श्रेय निसर्गाबरोबरच या व्यवस्थेलाही द्यावे लागते.

अमेरिकी संसदभवनातील राष्ट्रीय पुतळ्यांच्या संग्रहात २०१९ साली नेब्रास्काने विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या जागी स्टँडिंग बेअर यांचा पुतळा बसवला. मात्र १९६०च्या दशकात सरकारने रद्द केलेली नेब्रास्कातील पोंका जमातीची मान्यता १९९० मध्ये परत मिळाली, तेव्हा तिच्यासोबत त्यांच्या जुन्या मुलखातील राखीव भूमी काही परत मिळाली नाही.