आंबा आणि सीतेची वेणी



आमच्या घरामागे एक रायवळ आंबा आहे. तो आजोबांच्या वडिलांनी लावला. त्याचा बुंधा एवढा जाड आहे की आम्ही चार मुलांनी हात धरले तरच मिठी पुरते. त्या आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी आहे. एकाच ठिकाणी राहतात, तरी दोघांची निगा अगदी उलट आहे. हे मला माहीत नव्हते, म्हणून माझ्या हातून एक चूक झाली. ती पण मी पुढे सांगणार आहे.

आंब्याची माहिती

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. आंब्याची मुळे जमिनीत खोल जातात व पाणी आणि क्षार शोषून घेतात. थंडीत आंब्याला मोहोर येतो. मोहोरात हजारो बारीक फुले असतात, पण फळे थोड्याच फुलांची होतात. बाठा पेरून झाड केले तर फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात. कलमाला पाचव्या वर्षापासून फळ घेता येते.

आमच्या दारात बाबांनी रत्ना आंब्याचे कलम लावले आहे. रत्ना हा नीलम आणि हापूस यांच्यापासून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो १९८१ साली शेतकऱ्यांना दिला. हापूसला एका वर्षी खूप आंबे लागतात आणि पुढच्या वर्षी कमी. रत्ना दरवर्षी धरतो आणि त्याच्या फळात साका होत नाही.

कलम कसे लावायचे ते मी बाबांबरोबर राहून पाहिले. मे महिन्यात १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा खणला. त्यात पालापाचोळा, शेणखत आणि चांगली माती भरली. पाऊस सुरू झाल्यावर कलम लावले आणि वाऱ्याने मोडू नये म्हणून काठीला बांधले. दोन मोठ्या कलमांमध्ये १० मीटर अंतर लागते. उन्हाळ्यात आम्ही आळ्यात पाणी घालतो आणि वर गवत पसरतो. जोडाच्या खाली जे फुटवे येतात ते बाबा काढून टाकतात, कारण ते रायवळचे असतात. पहिली तीन वर्षे आलेला मोहोरसुद्धा खुडायचा. मला वाईट वाटते, पण झाड आधी मोठे व्हायला पाहिजे.

सीतेच्या वेणीची माहिती

सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. पुस्तकात ऑर्किडला आमर असेही नाव आहे. तिची पाने जाड आणि पट्ट्यासारखी लांब असतात. मे महिन्याच्या शेवटी किंवा मृगाच्या पावसात तिला फुलांचा तुरा येतो. तो खाली लोंबतो आणि वीतभराहून लांब असतो. फुले पांढरी, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. खरोखर वेणीच माळल्यासारखी दिसते!

गुरुजींनी सांगितले की हेच फूल आसामचे राज्यफूल आहे. तिथे त्याला कोपौ फूल म्हणतात. तिथे एप्रिलमध्ये बिहूचा सण असतो, तेव्हा नाचणाऱ्या मुली ते केसात माळतात. एवढ्या लांबच्या मुलींचे फूल आमच्या परसात आहे, याचे मला फार नवल वाटले.

सीतेच्या वेणीची मुळे जमिनीत नसतात. ती झाडाच्या सालीला घट्ट धरून बसतात, काही नुसती हवेत लोंबतात. मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी पटकन शोषून घेते आणि मूळ हिरवट दिसू लागते. मी तांब्याने पाणी शिंपडून पाहिले, तर खरेच रंग बदलला! सालीवर साठलेला कचरा आणि पावसाचे पाणी यांतून तिला खत मिळते. बाकीचे अन्न ती स्वतः उन्हात तयार करते. आंब्याचा रस ती पीत नाही. आंबा म्हणजे तिला बसायला मिळालेला माळा आहे, जेवणाचे ताट नाही.

माझी चूक

मागच्या वर्षी श्रावणात वाऱ्याने आंब्याची एक फांदी मोडली. तिच्यावर सीतेच्या वेणीचे एक रोप होते. मला वाटले, बिचारीला माती नाही, आपण हिला चांगली जागा देऊ. मी ती फांदीवरून ओढून काढली. तेलाच्या जुन्या डब्यात माती आणि शेणखत भरून त्यात लावली. कलमासाठी बाबा जसे करतात तसेच सगळे केले. रोज सकाळी शाळेत येण्याआधी पाणी घातले. एक दिवसही चुकवला नाही.

दीड महिन्याने मधले पान ओढले तर ते हातातच आले. त्याला कुजका वास येत होता. खालची मुळे काळी पडली होती. मी खूप रडले. आई म्हणाली, "तू पाणी तर घालत होतीस गो, मग गेली कशी?"

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "तिच्या मुळांना हवा लागते. ओल्या मातीत तिचा श्वास कोंडला. सीतेची वेणी एकाच शेंड्याने वाढते. तो शेंडा कुजला की तिची वाढ थांबते." म्हणजे मी तिला माया करूनच मारले.

अशी रोपे पडलेली मिळाली तर ती मातीत लावू नयेत. खरखरीत सालीच्या झाडाला सुंभाने किंवा काथ्याने बांधावी. थोडे ऊन, थोडी सावली अशी जागा बघावी. मुळे साल धरेपर्यंत पाणी शिंपडावे, पण मधून मधून ती सुकू द्यावी. झाडावरची चांगली रोपे ओरबाडून घरी आणू नयेत.

बांडगूळ की सीतेची वेणी?

त्याच आंब्यावर अजून दोन रोपे होती. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी बांडगूळ काढायचे ठरवले. शिडी लावली. काका कोयती घेऊन वर चढले. बांडगुळाची फांदी तोडून झाली. मग आजोबांनी बोट दाखवले, "रे, ता पण बांडगूळच! काढून टाक."

ती सीतेची वेणी होती. दिवाळीत तिला फुले नसतात, नुसती पाने असतात, म्हणून ओळखता येत नाही. मी ओरडले, "आजोबा, जरा थांबा! ते बांडगूळ नाही." आजोबांना राग आला. आंबा त्यांच्या वडिलांचा आहे ना!

मग मी खाली पडलेली बांडगुळाची फांदी त्यांच्याजवळ नेली. जिथे बांडगूळ चिकटले होते तिथे मोठी गाठ होती. काकांनी ती कोयतीने उभी चिरली. बांडगुळाचे मूळ साल फोडून आत लाकडात गेलेले दिसले. ते तिथून आंब्याचे पाणी आणि क्षार ओढते, म्हणून गाठीच्या पुढची फांदी वाळते. काकांनी मग सीतेच्या वेणीचे एक मूळ बोटाने हळूच उचलून पाहिले. वरून म्हणाले, "खालची साल साफ आसा."

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रवांदे तर."

दोघांतील फरक

१) आंब्याची मुळे जमिनीत असतात. सीतेच्या वेणीची सालीवर आणि हवेत असतात.

२) आंब्याच्या पानात शिरांची जाळी असते. सीतेच्या वेणीच्या पानात भाताच्या पानासारख्या सरळ शिरा असतात.

३) आंब्याची बी मोठी असते आणि तिच्यात रोपासाठी शिदोरी असते. सीतेच्या वेणीची बी धुळीसारखी बारीक असते. तिच्यात शिदोरी नसते, म्हणून रुजताना तिला एका बुरशीची मदत लागते.

४) लहान कलमाला शेणखत आणि आळ्यात पाणी पाहिजे. सीतेच्या वेणीला माती, शेण काहीच नको. पाऊस, हवा आणि सालीचा आधार पुरतो.

५) आंबा आपल्याला फळ देतो. सीतेची वेणी फूल देते, आणि तेही झाडावरच छान दिसते.

पालकांना विनंती

बांडगूळ जरूर काढा. त्याची फळे चिकट असतात, पक्षी ती खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर पसरते. म्हणून फळे धरण्याआधी, गाठीच्या खालून फांदीसकट कापा. पण कोयती चालवण्याआधी खाली बघा. गाठ आहे आणि मूळ लाकडात गेले आहे, तर ते बांडगूळ. नुसती पांढरी मुळे सालीवरून पसरली आहेत, तर ते राहू द्या. वाळलेल्या फांदीवर फार गर्दी झाली तर ओझे होईल, पण आमच्या आंब्यावर दोनच आहेत.

आता मी रोज दारातल्या कलमाच्या आळ्यात पाणी घालते. मागच्या रोपांना काही घालत नाही, नुसती बघून येते. मृगाच्या पावसात त्या फुलल्या तर सगळ्यांना बोलावीन. आजोबा पण परवा विचारत होते, "फुला कधी येतली गो?"

— इयत्ता चौथी