रक्ताच्या मुळाशी : डॉ. डॉनल थॉमस यांची चिकाटी

मागे आपल्या संस्थेच्या रक्तदान शिबिरात एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "काका, आम्ही दिलेले रक्त रोग्याच्या अंगात किती दिवस पुरणार? त्याने रक्ताचा कर्करोग बरा होतो का?" आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, त्यातून बँकेतील कारकून. तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर वाचून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट पेशींचे आयुष्य तर आठ-दहा दिवसांचेच. म्हणून शरीराला रोज नवे रक्त तयार करावे लागते. हे काम हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, राहणाऱ्या मूळपेशी करतात. अशा पेशी असतात याचा प्रयोगसिद्ध पुरावा कॅनडातील टोरांटो येथे टिल आणि मॅकलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्तदान ही हाती पडलेली रोख रक्कम आहे आणि मूळपेशी हे मुद्दल आहे. रक्ताच्या कर्करोगात बिघाड या मुद्दलातच होतो. मग मुद्दलच बदलता येईल का?

अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिले. टेक्सास राज्यातील एका खेड्यातल्या डॉक्टरांच्या घरी १९२० साली त्यांचा जन्म झाला. रोग्याची बिघडलेली मज्जा किरणांनी व औषधांनी नष्ट करावी आणि दात्याची निरोगी मज्जा शिरेवाटे द्यावी, असा त्यांचा विचार होता. १९५७ साली त्यांनी सहा रोग्यांवरील प्रयत्न प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकही रोगी शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. कधी परकी मज्जा रुजत नसे, तर कधी रुजलेली मज्जा रोग्याच्याच शरीरावर उलटत असे. पुढे अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

डॉ. थॉमस यांनी मात्र अपयश लपविले नाही आणि कामही सोडले नाही. ते पुन्हा प्रयोगशाळेत गेले व अनेक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले. दाता आणि रोगी यांच्या पेशींचा प्रकार कसा जुळवावा, उलटणारी मज्जा औषधाने कशी आवरावी, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने शोधले. त्यांच्या पत्नी डॉटी याही प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने राबल्या. १९७७ साली त्यांच्या चमूने अखेरच्या अवस्थेतील शंभर रोग्यांचा अहवाल दिला. त्यांपैकी तेरा जण जिवंत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल, पण त्या सर्वांचे इतर उपाय थकले होते. १९९० साली डॉ. थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

ही विद्या मुंबईतही आली. पोलिओमुळे लहानपणापासून चाकांच्या खुर्चीवर असलेले डॉ. सुरेश अडवाणी सिएटल येथे डॉ. थॉमस यांच्याकडे शिकले. त्यांनी १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. नुसत्या रक्ताने हा रोग बरा होत नाही, हे खरे. पण जुनी मज्जा नष्ट झाल्यावर नवी रुजेपर्यंत काही आठवडे लागतात. त्या काळात रोगी जगतो तो अनोळखी माणसांनी दिलेल्या रक्तावर आणि प्लेटलेटवर. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारात एक एवढाच असतो. म्हणून १८ ते ५० वयाच्या निरोगी माणसांनी मूळपेशी-दात्यांच्या नोंदवहीत नाव घालणेही तितकेच मोलाचे आहे. आता बहुधा हाताच्या शिरेतूनच या पेशी घेतल्या जातात.

विद्यार्थी मित्रांनो, एका परीक्षेत अपयश आले तर १९५७ सालचे ते सहा रोगी आणि १९७७ सालचे ते तेरा जण आठवा. दोहोंच्या मधली वीस वर्षे म्हणजेच संशोधन. आणि पुढच्या शिबिरात बाही वर सारताना, आपणही त्या कामाला हातभार लावीत आहोत याची खात्री बाळगा.