मोगली : जुना आणि नवा

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग गावी एका कुटुंबाची भेट घेण्याचा योग या उन्हाळ्यात आला. जपमाळेची प्रार्थना आटोपून चहा घेत असता ओसरीच्या कोपऱ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा मोबाईलवर कार्टून पाहण्यात तल्लीन झालेला दिसला. डोकावून पाहिले, तर पडद्यावर मोगली! आम्ही कौतुकाने "अरे, हा तर आमच्या ओळखीचा!" असे म्हणालो, तेव्हा त्याच्या मावशीने हसून दुरुस्ती केली, "नाही फादर, आमच्या वेळचा मोगली वेगळा. हा नवा आहे." तिचे म्हणणे खरे होते. नावे तीच; बघीरा, बल्लू, शेरखान सारे हजर; पण चेहरे निराळे आणि साऱ्यांनाच विलक्षण घाई. हा नवा मोगली कोठून आला आणि जुन्याहून तो वेगळा कशात, हे पालकांनी समजून घेण्याजोगे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मावशीचा मोगली जपानी होता. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने काढलेली ती ५२ भागांची मालिका जपानमध्ये १९८९-९० साली दाखविली गेली आणि १९९० च्या दशकात हिंदीत रूपांतरित होऊन दूरदर्शनवर आली. गुलजार यांचे शीर्षकगीत, त्याला विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा आवाज! रविवारी सकाळी ती लागे. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देण्यास जात असू. मोगलीच्या वेळेस वर्ग ओस पडे. त्या लांडग्यांच्या पोरावर आम्ही किती चिडलो असू, हे आज आठवले की हसू येते. पुढे एका रविवारी आम्हीच शेजारच्या घरात मुलांच्या मागे उभे राहून पूर्ण भाग पाहिला, ही गोष्ट मात्र तेव्हा वरिष्ठांच्या कानावर घातली नाही.

त्या मालिकेची चित्रे हातांनी काढलेली होती. पारदर्शक पत्र्यांवर रंगविलेली चित्रे एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, ही जुनी रीत. चित्रे खर्चीक, म्हणून पात्रे पुष्कळदा स्तब्ध उभी राहून बोलत. पण त्या स्तब्धतेमुळेच कथेला श्वास घ्यावयास वाव मिळे. मुख्य म्हणजे कथा पुढे सरके. मोगली मोठा होत जाई, त्याच्या चुकांचे परिणाम पुढील रविवारीही उरत, आणि शेवटी तो जंगलाचा निरोप घेऊन माणसांत जाई.

नवी मालिका २०१० साली आली. हैदराबादच्या डीक्यू एन्टरटेनमेंट या कंपनीने युरोपातील संस्थांच्या सहकार्याने ती तयार केली. वळसंगहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ! तेव्हा मावशीचा मोगली सातासमुद्रापलीकडून आला, भाच्याचा मात्र शेजारून आला असे म्हणता येईल. येथे कागद-कुंचला नाही. संगणकात प्रत्येक प्राण्याचा पुतळा रचतात, त्याच्या आत सांगाडा बसवितात आणि कळसूत्री बाहुलीप्रमाणे त्यास हलवितात. एकदा पुतळा तयार झाला की तो हवा तितका धावू शकतो. म्हणूनच बहुधा तो सतत धावत असतो. प्रत्येक गोष्ट सुमारे ११ मिनिटांची आणि स्वयंपूर्ण. संकट उद्भवते, युक्ती सुचते, संकट टळते. पुढच्या गोष्टीत मागचे काही शिल्लक राहत नाही. कोणताही भाग कोठूनही पाहावा, अशीच तिची रचना आहे. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या भाषांत दाखवावयाची, तर हे सोयीचे पडते.

जुनी मालिका पुढे न चालविता तीच कथा पहिल्यापासून नव्याने रचणे, यास 'रीबूट' म्हणतात. शब्द संगणकाचा आहे : यंत्र अडले की बंद करून पुन्हा सुरू करावयाचे. जुनीच नावे पुन्हा का वापरतात, याचे उत्तर साधे आहे. आईवडिलांच्या ओळखीचे नाव असले की ते मुलांच्या हाती निर्धास्तपणे मोबाईल देतात. दुसरे कारण कायद्याचे. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. मोगलीचा जनक रुडयार्ड किपलिंग १९३६ साली वारला, म्हणजे २००६ च्या अखेरीस ही मुदत संपली. त्याच्या कथेवर आता कोणीही मालिका काढावी. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटातील चेहरे आणि गाणी तेवढी उचलू नयेत. डिस्नेने स्वतःही २०१६ साली नवा चित्रपट काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नानांचाच आवाज दिला आणि भारतातील प्रेक्षकांसाठी दूरदर्शनचे ते जुने गीतही नव्याने गाऊन घेतले. आठवणीचे मोल व्यापाऱ्यास चांगले कळते. २०२० च्या टाळेबंदीत तर दूरदर्शनने जुनी जपानी मालिकाच एप्रिल महिन्यात पुन्हा दाखविली.

या साऱ्याच्या मुळाशी असलेले पुस्तक १८९४ चे. किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. त्याला सांभाळणारी आया रोमन कॅथलिक होती. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती प्रार्थनेस थांबे तेव्हा आपण तिच्या शेजारी असू, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे तो साम्राज्याचा कट्टर पुरस्कर्ता झाला आणि त्याची ती बाजू आपणास रुचणारी नाही. पण सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच, १८७१ साली, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये एका परक्या घरी ठेवून आईवडील परतले. आपल्याला येथे का ठेवले, हे मुलांना कोणी सांगितले नाही. पाच वर्षांहून अधिक काळ त्याने तेथे छळात काढला. आपले घर कोणते, हे न उमगणाऱ्या मुलाची कथा त्याच्याच लेखणीतून उतरावी, यात नवल नाही.

पुस्तकात लांडग्यांच्या सभेपुढे बाळ आणले जाते, तेव्हा आईबापांखेरीज दोघांनी त्याच्या बाजूने बोलावे असा नियम आहे. बल्लू बोलतो, बघीरा एका बैलाची किंमत मोजतो. स्नानसंस्काराच्या वेळी बाळासाठी उभे राहणारे धर्मपिता व धर्ममाता येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. पोर कोणाच्या तरी शब्दावर कळपात राहते, आणि मोठे झाल्यावर त्याला जावे लागते. आमच्या मते हा या कथेचा गाभा आहे. ११ मिनिटांच्या चौकटीत तो मावत नाही. म्हणून मुलांना दोन्हींपैकी एकच दाखवावयाची असेल, तर जुनी दाखवावी, असे आमचे मत त्या दुपारी झाले होते.

हे मत आम्ही ओसरीवर बोलूनही दाखविले. जुन्या मालिकेतील मोगली शेवटी गावात जातो, तो भाग फार सुंदर आहे, असे मुलास सांगितले. त्याने मान वर न करताच उत्तर दिले, "माहीत आहे. मावशीने दाखवला." मग तो आवडला नाही का, असे विचारता म्हणाला, "त्यात तो लांडग्यांच्या आईला सोडून जातो. यात रोज तिथंच असतो."

आम्हास काही सुचेना. विषय बदलावा म्हणून लांडगे कधी पाहिलेस का, असे विचारले. सोलापूरच्या माळरानावर, नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे आजही लांडगे आहेत. मेंढपाळांना त्यांचे कौतुक अर्थातच नाही. मुलगा म्हणाला, आई-पप्पा आले की नेणार आहेत. ते दोघे पुण्यास बांधकामावर असतात, असे आजीने हळूच सांगितले. दिवाळीला आले होते, आता पाऊस लागल्यावर येतील. एवढ्यात त्याची गोष्ट संपली आणि त्याने दुसरी लावली. आम्ही चहाचा पेला खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून ती पूर्ण पाहिली.