पिशवीवरची चिठ्ठी आणि आतले बी

शेतकरी दुकानातून बियाण्याची पिशवी आणतो. ते वाण ज्याने तयार केले त्या संशोधकाची आणि त्याची कधी गाठ पडत नाही. मधे कोणीतरी ते बी निवडून, वाळवून, पिशवीत भरून, वर चिठ्ठी लावून दिलेले असते. आपण विश्वास टाकतो तो या मधल्या हातावर. संगणकाचेही नेमके असेच आहे.

संगणकाचा सारा कारभार जी सांभाळते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ‘डेबियन’ ही अशीच एक कार्यप्रणाली. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ती सुरू केली. ती फुकट मिळते आणि तिचे मूळ लिखाण कोणालाही वाचता येते, सुधारता येते. म्हणून ती मुक्त स्रोत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. तेव्हा ही गोष्ट परक्या घरची समजू नका.

डेबियनच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे आपली बियाण्याची पिशवीच. प्रोग्रॅम लिहिणारा एक, आणि तो डेबियनला जुळेल असा बांधून देणारा दुसरा. हा दुसरा बहुधा स्वयंसेवक असतो. त्याला मूळ लिखाणात अधूनमधून थोडी दुरुस्ती करावी लागते. धोका असतो तो इथे.

२००६ सालची गोष्ट घ्या. ‘ओपन-एसएसएल’ या प्रोग्रॅमच्या मदतीने गुप्त किल्ल्या तयार होतात. किल्ली म्हणजे एक भली मोठी संख्या; ती कोणाला अंदाजाने ओळखता येता कामा नये. म्हणून हा प्रोग्रॅम संगणकातून इकडून तिकडून, काही ताळतंत्र नसलेले आकडे गोळा करतो आणि एकत्र घुसळतो. दोष शोधणाऱ्या एका साधनाने यातल्या दोन ओळींविषयी तक्रार केली. पॅकेज बांधणाऱ्याने मूळ मंडळींकडे विचारणा केली. काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. त्याने दोन्ही ओळी बंद केल्या. त्यांतली एक गेली म्हणून काही बिघडणार नव्हते. दुसरी मात्र गोळा केलेले आकडे घुसळणीत टाकणारीच होती! मग उरला फक्त चालू कामाचा क्रमांक, आणि तो ३२ हजार ७६८ च्या वर जात नाही. एका जातीच्या किल्ल्या मोजून तेवढ्याच. संगणकाला त्या सगळ्या लावून पाहायला कितीसा वेळ लागणार?

नवल असे, की वरून काहीच दिसत नव्हते. किल्ल्या तयार होत होत्या, कुलपे लागत होती. जवळजवळ वीस महिन्यांनी अर्जेंटिनाच्या लुसियानो बेयो यांच्या हा दोष ध्यानात आला, आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने तो जाहीर केला. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूतही तो पोचला होता. नवे पॅकेज बसवून भागेना. मधल्या काळात घडवलेली प्रत्येक किल्ली टाकून द्यावी लागली. पिशवी बदलली म्हणून पेरलेले बी थोडेच बदलते?

तुम्ही म्हणाल, सगळे खुले होते ना, मग कोणाला कसे दिसले नाही? खुले म्हणजे वाचता येण्याजोगे. कोणी वाचलेच असेल असे नाही. उलट २०२४ साली ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम दडवलेली चोरवाट पाच-सहा आठवड्यांत सापडली. दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने छडा लावला, म्हणून! डेबियनच्या चाचणीच्या आवृत्तीत ती चोरवाट आली होती. पक्क्या आवृत्तीत जाण्यापूर्वीच ती धरली गेली.

म्हणून शाळेच्या संगणकावर मुक्त प्रणाली खुशाल वापरा, पण पॅकेज तिच्या अधिकृत भांडारातूनच घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या उद्यावर टाकू नका. दुरुस्तीसोबतची सूचना वाचा. कधी नुसते बसवून भागत नाही, पुढेही काही करावे लागते. आणि काही वेगळे दिसले, तर काय केले नि काय झाले, ते नीट लिहून कळवा. मधल्या हाताला आपल्या डोळ्यांची जोड मिळाली, तरच चिठ्ठीवरचे नाव खरे ठरते.