उन्हाचा ताण आणि कोंबडीचा आहार

मे महिन्यात विदर्भात आणि तेलंगणात दुपारचा पारा अनेकदा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी शेडमधील कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकताना दिसतात. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास श्वास हाच मुख्य मार्ग उरतो. सततच्या धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचे कवच पातळ होते.

ही हानी डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. उष्णतेच्या ताणाने पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण प्रमाणाबाहेर तयार होतात. त्यांतील काहींना मुक्त मूलके म्हणतात. हे कण पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांवर आघात करतात. शेंगदाण्याचे कूट फार दिवस उघडे राहिले की खवट होते, कारण त्यातील तेलाचे ऑक्सिडीकरण होते. जिवंत पेशीच्या आवरणातही जवळजवळ हेच घडते.

ही साखळी तोडण्याचे काम 'ई' जीवनसत्त्व करते. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांवरील प्रयोगांतून त्याचा शोध लावला, तो मात्र प्रजननाच्या संदर्भात. साखळी तोडताना खर्ची पडलेले 'ई' जीवनसत्त्व 'क' जीवनसत्त्वामुळे पुन्हा कार्यक्षम होते. 'क' जीवनसत्त्व माणसाला अन्नातूनच मिळवावे लागते. कोंबडी मात्र ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. म्हणून एरवी ते वेगळे देण्याची गरज नसते. कडक उन्हाळ्यात ही निर्मिती अपुरी पडते, आणि तेव्हाच पूरक मात्रेला खरा अर्थ येतो.

अमिनो आम्लांचा संबंध ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याशी आहे. ते तीन अमिनो आम्लांपासून बनते. त्यांपैकी सिस्टीन शरीरात मेथिओनिनपासून तयार होऊ शकते. मका आणि सोयाबीनच्या खाद्यात नेमके मेथिओनिनच कमी असते. त्यात उन्हाने कोंबडीचे खाणे घटते. गरज वाढते त्याच वेळी कच्चा माल आटतो!

उन्हाळ्यात एक किलो खाद्यामागे सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व देतात. उष्णतेने आणि प्रकाशाने ते लवकर नष्ट होते. म्हणून पाण्यातून द्यायचे झाल्यास द्रावण रोज ताजे करून सावलीत ठेवावे लागते. मेथिओनिनचा अतिरेक घातक ठरतो. त्याने भूक मंदावते आणि वाढ खुंटते.

शिवाय कोणतीही पूड शेडमधील हवा थंड करीत नाही. छपरावर ओला गवताचा थर, खेळती हवा आणि गार पाणी यांची सोय आधी करावी लागते. पचनातूनही उष्णता निर्माण होते. म्हणून खाद्य पहाटे आणि सायंकाळनंतर द्यावे, ऐन दुपारी खाद्याची भांडी उचलून ठेवावीत, पाण्याची मात्र भरलेली असावीत.